बठ्ठं नको

तीन फाइली एका फोल्डरमधून दुसऱ्यात टाकायच्या असल्या, तरी नाना त्यासाठी पायथनमध्ये प्रोग्राम लिहीत. माउसने अर्ध्या मिनिटाचं काम. नानांचा प्रोग्राम होईस्तोवर आमचा चहा येऊन, पिऊन, कप परत गेलेले असत.

नाना म्हणजे आमच्या जळगावच्या कॉलेजातले हेडक्लार्क, मूळचे शिंदखेड्याचे. पन्नाशीनंतर मोबाइलवर बघून हे शिकले. एकदा मी वैतागून म्हटलं, "नाना, आख्खा फोल्डर उचला आणि मोकळे व्हा ना."

निवडलेल्या तांदळात मी खडे कालवल्यासारखं त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बठ्ठं नको रे भो. निवडीसन ले."

बठ्ठं म्हणजे सगळं. नाना तो शब्द शिवीसारखा वापरत. प्रोग्राममध्येही स्वतःसाठी अहिराणीत टिपा लिहीत: 'आठे फक्त यंदानं ले,' म्हणजे इथे फक्त यंदाचं घे. एकदा त्यांनी प्रोग्रामला 'पाटील' नाव असलेल्या फाइली निवडायला लावल्या, तर अर्धं कॉलेज आलं. "नियम बरोबर शे, गाव चुकनं," म्हणाले.

रोज दुपारी त्यांना शिंदखेड्याहून अक्कांचा फोन यायचा. अक्का त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर नानांना त्यांनीच वाढवलेलं. नाना स्क्रीनवरची नजर न काढता म्हणत, "अक्का, कामात शे. मंग बोलसू." आणि ठेवून देत. मागच्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. नाना कामावर परतले आणि पुन्हा प्रोग्राम लिहू लागले.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी त्यांचा कॉम्प्युटर कुरकुरू लागला. डिस्क आज जाते की उद्या, सांगता येत नाही, असं मेकॅनिक म्हणाला. नानांचा चेहरा उतरला. पेनड्राइव्ह उलटाच लावू लागले, तेव्हा उठून खुर्ची मला दिली. "प्रोग्राम लिखेल शे. तू चालव."

फोल्डरचं नाव 'अक्का'. त्यांच्या मोबाइलवर फोन आपोआप रेकॉर्ड व्हायचे, त्यातले अक्कांचे सगळे नानांनी इथे आणून ठेवले होते. नऊ सेकंद. बारा सेकंद. सात सेकंद. मिनिटभराचा एकही नाही. का, ते मला विचारावं लागलं नाही. ते सगळे फोन मी समोरच्या टेबलावरून ऐकले होते.

प्रोग्राम उघडला. त्यात निवडीची एकही अट नव्हती. वर एक टीप होती: 'आठे निवडू नको. बठ्ठं ले.'

मी चालवला. डिस्क दोनदा अडखळली, पण शेवटची फाइल उतरली.

"बठ्ठ्या उन्यात?" नानांनी मागून विचारलं.

"बठ्ठ्या आल्या," मी म्हटलं.