लोकवाहिनीच्या चित्राचा निवाडा

श्री. जो दिसतां दिसत नाहीं आणि सर्वांस पाहतो, त्यास दंडवत करून हें वर्तमान लिहिलें असे. शके एकोणीसशें एकोणचाळीस, हेमलंबी नाम संवत्सरे, भाद्रपदमासीं नदीकांठच्या एका राज्यांत जें घडलें तें ऐसें जे, घरोघर तारेनें चित्रें पोंचविणारा एक मातबर केबलवाला होता, आणि राज्याची त्यास अट होती कीं एक वाहिनी रयतेची म्हणून फुकट चालवावी. तिजवर यमुनाबाई कोठावळे रोज बातम्या हाताच्या खुणांनीं सांगत. बाईंचे मातापिता मुके-बहिरे, म्हणोन ती भाषा त्यांस जन्मापासोन अवगत. मग एके दिवशीं धरणाचें पाणी दोन वाजतां सोडणार, ऐसी खबर आली आणि बाईंनीं दोन बोटें उभीं करून ती सांगितली. केरबा कुंभार आणि त्याची बायको गंगाई, उभयतां बहिरीं, त्यांनीं ती पाहिली आणि तीन वाजतील तों अवकाश आहे ऐसें समजोन नदींत माती आणावयास उतरलीं. पाणी आलें. केरबा झाडास धरोन वांचला, गंगाई गेली.

तेराव्यानंतर केरबा बाईंकडे आला आणि खुणेनें पुसता जाहला, “तुम्हीं तीन कां दाखविले?” बाई खुणेनेंच म्हणाल्या, “बाबा, मीं दोनच दाखविले.” वाहिनीच्या केंद्रावरील मूळ चित्र पाहिलें, त्यांत दोन स्वच्छ. मग तेंच चित्र केंद्रावरून पुन्हां लावविलें आणि केरब्याच्या घरीं बसोन तारेवरून पाहिलें, तों बोटें एकांत एक मिसळोन गेलेलीं. शेजारच्या वाहिनीवर क्रिकेट लागलें होतें, त्यांत चेंडूची शिवणही दिसत होती. तेव्हां बाई रडल्या नाहींत, उठल्या, आणि केबलवाल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या नियामकांकडे त्यांनीं अर्ज गुदरला.

नियामक त्र्यंबकपंत सबनीस वृद्ध, मितभाषी. सुनावणीस केबलवाल्याचे वकील उभे राहिले आणि बोलिले, “महाराज, वाहिनी द्यावी ऐसें कलम आहे. चित्र किती स्वच्छ असावें, ऐसें कोठें लिहिलें आहे? आणि आवाज तर ऐकूं येतोच कीं!” पंतांनीं कचेरींत तारेचा टीव्ही मांडविला, बाईंस केंद्रावर पाठविलें आणि बोटांनीं कोणताही आंकडा दाखवावा ऐसें सांगितलें. मग टीव्हीचा आवाज बंद करवून वकिलांस म्हणाले, “वाचा.” वकील पुढें सरले, चष्मा पुसला, आणखी पुढें सरले आणि म्हणाले, “तीन... नव्हे, चार असावे.” पंतांनीं बाईंस फोन लावविला. दोनच होते. केरबा वकिलांच्या तोंडाकडे पाहत उभा होता.

दुसरे दिवशीं हुकूम सुटला कीं, केबलवाल्याची जी वाहिनी सर्वांत स्वच्छ, तिजइतकेंच स्वच्छ चित्र रयतेच्या वाहिनीस द्यावें, आणि दर तीन महिन्यांनीं तपासणी घरांत बसोन व्हावी, केंद्रांत नव्हे. तपासणीस केरब्यास नेमिलें. तो प्रथम नको म्हणाला. खुणेनें बोलिला, “आतां पाहून काय करूं?” बाईंनीं त्यापुढें दोन बोटें उभीं धरिलीं. मग तो उठला आणि चाकावर झांकण घालून निघाला. पहिल्या फेरींत अकरा गांवें पाहिलीं, तीन गांवीं चित्र पुसट निघालें, तेथें केबलवाल्यास तार बदलणें भाग पडलें.

ऐसें हें जाहलें. कलम नव्हतें तें आलें, हात दिसूं लागले, आणि यास एक माणूस जावें लागलें. तिचें नांव हुकुमांत नाहीं, म्हणोन येथें लिहिलें: गंगाई केरबा कुंभार. लेखनसीमा.