आधी आपण उतरा

"आज आकाशात तरी शहाण्यासारखं वागा," पायात बूट चढवणाऱ्या डॉक्टरांना बायकोने बजावलं. "मान त्यांना द्या. घुसाघुशी नको."

डॉक्टर दातांचे. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावून जीव विटला, की रविवारी सकाळी फ्लाइंग क्लबचं छोटं पांढरं विमान घेऊन ते मोकळ्या हवेत जाऊन यायचे. स्वभाव लोण्यासारखा, पण विमानात बसल्यावर त्यांना कसली घाई सुटायची, देव जाणे! क्लबच्या धावपट्टीला मनोरा नव्हता. तू आधी, तू नंतर असं सांगणारं कुणी नव्हतं. ज्याने त्याने आपण कुठे आहोत ते रेडिओवर सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं, चारी बाजूंना नजर ठेवायची आणि रांगेने उतरायचं. गेल्या महिन्यात एक पिवळं विमान रांगेत रेंगाळत होतं, तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, "अहो पिवळे, उतरताय की ढग मोजताय?" आणि त्याच्या नाकासमोरून घुसून ते खाली उतरले होते.

काल जेवताना लेकीने तिला पसंत पडलेल्या मुलाच्या वडिलांचा फोटो दाखवला. लाकडाच्या वखारीचे मालक. गुबगुबीत, हसरे. आणि त्यांच्या पाठीमागे तेच पिवळं विमान! डॉक्टरांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"ते उद्या विमानानेच येणार आहेत, बाबा," लेक म्हणाली. "काकू आणि तो गाडीने येतील. काकू म्हणतात, ह्यांच्या विमानात बसण्यापेक्षा मी चालत येईन."

मग डॉक्टरांनी बायकोपाशी सगळं कबूल केलं. तिने कपाळाला हात लावला.

"मग उद्या तुम्ही उडूच नका."

"उडायला तर हवंच. आकाशात बिघडलेलं आकाशातच निस्तरायला हवं."

झालं. रविवारी सकाळी धावपट्टीच्या बाजूने वळसा घेताना डॉक्टरांना समोरून पिवळा ठिपका दिसला. त्यांनी घसा खाकरला.

"पांढऱ्या विमानातून नमस्कार. मी उतरण्याच्या बेतात आहे, पण आधी आपण उतरा."

पलीकडून आवाज आला. "छे छे! तुम्ही आधी पोचलात. मान तुमचा."

"असं कसं? आपण पाहुणे."

"पाहुण्याने का कधी यजमानाच्या आधी घरात शिरायचं असतं?"

खाली क्लबच्या कँटीनमध्ये दोन्ही घरची मंडळी जमली होती, आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून त्यांना हे सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरांच्या बायकोला भरून आलं. "बघा, किती गोड बोलतायत तुमचे हे!"

"मीच पढवून पाठवलंय," वखारवाल्यांची बायको हळूच म्हणाली. "म्हटलं, त्या ढगांच्या बोलण्यावरून मुलीचे वडील जरा तापट दिसतात. काही झालं तरी पुढे जायचं नाही."

"अगंबाई! मीही ह्यांना तेच सांगितलंय."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग वर पाहिलं.

वर डॉक्टर वखारवाल्यांच्या मागे जाण्यासाठी वळले होते, आणि वखारवाले डॉक्टरांच्या मागे जाण्यासाठी. दोन्ही विमानं एकमेकांच्या शेपटीमागे गोल गोल फिरत होती. तिसरं एक विमान कधीचं वाट बघत होतं. त्यातून वैतागलेला आवाज आला, "तुमचं ठरेपर्यंत मी शेजारच्या गावात चहा पिऊन येतो." आणि ते खरोखरच निघून गेलं.

"देवा, ह्यांना थोडा उद्धटपणा परत दे रे," डॉक्टरांच्या बायकोने डोळे मिटून हात जोडले.

शेवटी दोघांनाही एकदमच लाज वाटली. इतका आग्रह मोडणंही बरं नाही, असं दोघांच्याही मनात आलं, आणि "बरं, मीच उतरतो" हे दोघं अगदी एकाच क्षणी बोलले. दोघं एकदम बोलले की रेडिओवर कुणाचंच बोलणं कुणाला कळत नाही. स्पीकरमधून नुसती कर्कश शीळ उमटली.

डॉक्टरांनी थोडा वेळ वाट पाहिली. उत्तर नाही. इकडे तिकडे पाहिलं. पिवळं विमान कुठेच नाही. 'रागावून परत गेले वाटतं,' ते स्वतःशीच म्हणाले. 'पोरीचं जमत आलेलं मोडलं मी.' जड मनाने त्यांनी विमानाचं नाक खाली केलं.

पिवळं विमान त्यांच्या बरोबर खालीच होतं. डॉक्टरांच्या विमानाचे पंख त्यांच्या बसण्याच्या जागेखाली, त्यामुळे त्यांना खालचं दिसेना. पिवळ्याचे पंख डोक्यावर छपरासारखे, त्यामुळे वखारवाल्यांना वरचं दिसेना. दोघंही हिरमुसून, एकाच धावपट्टीकडे, एकावर एक उतरत होते.

लेकीला ते दिसलं. तिच्या हातातली बशी टेबलावर आपटली. क्लबच्या मॅनेजरच्या हातून तिने रेडिओ हिसकावला.

"बाबा, वर जा! आत्ताच्या आत्ता! काका तुमच्या खाली आहेत! काका, तुम्ही सरळ उतरा, वर येऊ नका! आणि दोघांपैकी कुणी एक अक्षर बोलू नका!"

कुणी बोललं नाही. पांढरं विमान ताडकन वर गेलं. पिवळं उतरलं. मग एक मोठा वळसा घालून पांढरंही उतरलं.

डॉक्टर विमानातून खाली उतरले. वखारवाले तरातरा समोर येऊन उभे राहिले. चेहऱ्यावरचं हसू पार मावळलेलं.

"डॉक्टर, एक सांगू? गेल्या महिन्यात तुम्ही मला ढग मोजायला लावलेत ना, तेव्हा मी रागावलो होतो. पण तुम्ही कुठे आहात आणि काय करणार आहात, ते मला पक्कं ठाऊक होतं. आज एवढा मान दिलात आणि जीव जात होता माझा!"

"माझा? माझा नव्हता जात?" डॉक्टरांचा आवाज चढला. "उतरायचं तर एकदा सांगून उतरायचं! मुकाट्याने खाली कसले शिरताय?"

"मी सांगितलं होतं!"

"मीही सांगितलं होतं!"

"आणि वळायचं कुठे असतं, ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"मला शिकवताय? रांगेत झोपणारे तुम्ही!"

दोघं हातवारे करत, एकमेकांचे दंड धरून, तावातावाने भांडत कँटीनकडे चालू लागले. लेकीचा चेहरा उतरला. "आई, संपलं गं सगळं."

तिच्या आईने वखारवाल्यांच्या बायकोकडे पाहिलं. ती पदराने डोळे पुसत होती, पण हसून हसून.

"संपलं कसलं?" ती मुलीला जवळ घेत म्हणाली. "आमचे हे परक्या माणसाशी कधी भांडतच नाहीत."