मिशीची मुदत

ब्रशच्या कारखान्यात दर सोमवारी अधिकाऱ्यांची मीटिंग होत असे. ती दहाला सुरू व्हायची आणि जेवणाची सुट्टी झाली म्हणून संपायची. सगळे जण सगळ्या विषयांवर बोलत, चहा दोनदा येई आणि शेवटी ज्याला जे आधीपासून करायचे होते तेच करायला तो निघून जाई. कोणाची काही तक्रार नव्हती. पण मॅनेजर मॅडम दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेल्या, मीटिंग कशी घ्यावी हे शिकून आल्या, आणि या सुखाला दृष्ट लागली.

"आजपासून नियम," मॅडम म्हणाल्या. "मीटिंगचे विषय चोवीस तास आधी लिहून कळवायचे. आयत्या वेळचा विषय चालणार नाही. अर्ध्या तासात मीटिंग संपणार. आणि जे ठरेल ते तक्त्यात लिहायचं. काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत. तक्ता बाहेर फळ्यावर लागेल."

तक्ता लिहायचे काम बाईंकडे आले. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. घरी बसून करमेना म्हणून त्या दोन महिन्यांपूर्वी ऑफिसात लागल्या होत्या.

"शब्द न् शब्द लिहा, बाई," मॅडमनी बजावले. "आपले लोक आज बोलतात आणि उद्या म्हणतात, मी असं म्हणालोच नव्हतो. मनाने काही गाळू नका, काही बदलू नका."

"नाही बदलणार," बाई म्हणाल्या आणि पट्टीने तीन रकाने आखले.

विषय एकच होता. रंगकामाचे चार हजार ब्रश शुक्रवारी दुपारी बाराच्या आत कारखान्यातून निघायला हवे होते.

"दांडे उद्या मिळतील?" मॅडमनी विचारले.

"आकाशपाताळ एक करीन, पण उद्या दांडे आणीन!" खरेदीवाले म्हणाले.

"आणि ब्रश तयार कधी होतील?"

"गुरुवारी संध्याकाळी. नाही झाले तर नाव बदलीन," उत्पादनवाले म्हणाले.

राहिले मिशीकाका. माल गाडीत भरून रवाना करणे हे त्यांचे खाते. त्यांची मिशी इतकी घनदाट होती की नवीन आलेला कामगार पहिल्या दिवशी तिच्याकडे धंद्याच्या नजरेनेच बघायचा, यात दोन इंची ब्रश किती निघतील म्हणून. मिशीकाकांनी तिला पीळ दिला.

"शुक्रवारी बाराच्या ठोक्याला गाडी फाटकाबाहेर दिसली नाही ना मॅडम, तर ही मिशी उतरवीन!"

मीटिंग सव्वीस मिनिटांत संपली. मॅडम खूश झाल्या.

दुपारी फळ्यावर तक्ता लागला.

आकाशपाताळ एक करणे. खरेदीप्रमुख. मंगळवार.
नाव बदलणे (ब्रश तयार न झाल्यास). उत्पादनप्रमुख. गुरुवार संध्याकाळ.
मिशी उतरवणे (गाडी न गेल्यास). रवानगीप्रमुख. शुक्रवार, दुपारी बारा.

अर्ध्या तासात सगळा कारखाना फळ्यासमोरून जाऊन आला. काही जण दोनदा जाऊन आले. मिशीकाका तडक बाईंच्या टेबलाशी गेले.

"बाई, हे काय लिहिलंत?"

"तुम्ही बोललात ते."

"अहो, तो वाक्प्रचार आहे!"

"आहे ना. अर्थ, छातीठोकपणे सांगणे. तेहतीस वर्षं शिकवला मी."

"मग?"

"मुलं दरवर्षी विचारायची, बाई, खरंच कोणी मिशी उतरवतं का? मला कधी उत्तर देता आलं नाही हो."

मिशीकाका खुर्चीत बसले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "थट्टा नाही बाई. बावीस वर्षांचा असताना मी इथे लागलो. तोंड हे असं गोल. हमाल मला 'बाळ' म्हणायचे आणि पेट्या सोडून निघून जायचे. मग ही वाढवली. लोक माझं कुठे ऐकतात? हिचं ऐकतात. ही गेली की माझ्या शब्दाला काय किंमत?"

बाईंना वाईट वाटले. पण तक्त्याची प्रत तोवर मालकांकडे पोचली होती, आणि त्यांचा मॅडमना फोनही आला होता. "इतकं स्वच्छ टिपण मी तीस वर्षांत वाचलं नाही! शुक्रवारी मी स्वतः येतो. आपला धंदा ब्रशचा. केसाच्या बाबतीत दिलेला शब्द खोटा पडता कामा नये."

मग मात्र कारखाना कामाला लागला. मंगळवारी खरेदीवाल्यांनी दांडे आणले.

"आकाशपाताळ एक केलंत?" बाईंनी लाल पेन उघडत विचारले.

"केलं बाई. स्कूटरवरून सहा खेपा."

बाईंनी बरोबरची खूण केली. गुरुवारी संध्याकाळी पाचला उत्पादनवाले धापा टाकत आले. "झाले चार हजार! नाव आहे तेच राहू द्या." त्यांनाही बरोबरची खूण मिळाली आणि ते पहिला नंबर आल्यासारखे हसत गेले.

शुक्रवारी सकाळपासून मिशीकाका पेट्यांभोवती घारीसारखे फिरत होते. पावणेबाराला शेवटची पेटी गाडीत चढली. आता फक्त अंगण ओलांडायचे होते. पण मिशीचा निकाल बघायला अख्खा कारखाना अंगणात जमला होता. केस निवडणाऱ्या बायका, दांडे रंगवणारे, कँटीनवाले, सगळे. कोपऱ्यावरचा न्हावीही पेटी घेऊन उभा होता.

"तुला कोणी बोलावलं रे?" मिशीकाका गरजले.

"कोणी नाही काका. गरज लागली तर असावं म्हणून आलो."

"हटा! वाट सोडा!"

मिशी थरथरली आणि गर्दी दुभंगली. गाडी फाटकापाशी पोचली तेव्हा बाराला आठ मिनिटे होती. मिशीकाकांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि तेवढ्यात मालकांची मोटार बाहेरून फाटकात शिरली.

फाटक अरुंद. गाडी आणि मोटार नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. मोटारीमागे पाण्याचा टँकर, टँकरमागे आणखी कोणी. मालकांनी काच खाली केली आणि आनंदाने विचारले, "वेळेत आलो ना मी?"

"साहेब, मागे घ्या! मोटार मागे घ्या!"

टँकर मागे सरकायला, मोटार मागे जायला आणि गाडी बाहेर पडायला बारा वाजून चार मिनिटे झाली.

चूक कोणाची ते सगळ्यांना दिसत होते आणि ती कोणी बोलून दाखवणार नव्हते. मालक मोटारीतून उतरून आपल्या बुटांकडे बघू लागले.

"चार मिनिटांचं काय एवढं?" मॅडम म्हणाल्या. "आपण निर्णय बदलू."

"निर्णय मीटिंगमध्येच बदलता येतो," बाई हळूच म्हणाल्या.

"मग घेऊ ना मीटिंग! इथेच, आत्ता!"

"विषय चोवीस तास आधी कळवायला हवा, मॅडम. आयत्या वेळचा चालत नाही."

नियम मॅडमचाच होता.

"राहू द्या," मिशीकाका म्हणाले. "बोलताना काय माझ्या तोंडात दुसऱ्या कोणाची जीभ होती?" ते एका रिकाम्या पेटीवर बसले आणि न्हाव्याला म्हणाले, "चल रे. हात थरथरू देऊ नकोस."

न्हाव्याने पेटी उघडली. काम झाल्यावर सगळ्यांनी पाहिले. गोल चेहरा, दोन्ही गालांवर खळ्या, आणि जुनी तसबीर काढल्यावर भिंतीवर राहतो तसा ओठावर फिकट पट्टा. कोणी हसले नाही. फक्त केस निवडणाऱ्या बायकांतून आवाज आला, "अगं बाई, किती गोड!" मिशीकाका कानापर्यंत लाल झाले.

शनिवारी दुसरी गाडी आली. तिचा ड्रायव्हर कोणाचे ऐकत नसे. मिशीकाकांनी गरजण्यासाठी छाती भरून घेतली, हात सवयीने ओठाकडे गेला आणि रिकामाच परत आला.

"दादा," ते कसेबसे म्हणाले, "गाडी जरा मागे घ्याल का? पेट्या फार लांबून आणाव्या लागतायत."

"तब्येत बरी आहे ना काका?" ड्रायव्हरने विचारले. मग त्याने गाडी मागे घेतली, खाली उतरला आणि एक पेटी स्वतः उचलली. ते बघून हमाल म्हणाले, "काका, तुम्ही बसा सावलीत, आम्ही आहोत ना." गाडी वेळेच्या वीस मिनिटे आधी गेली. मिशीकाका सावलीत बसून तिच्याकडे संशयाने बघत राहिले.

सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळे जपून बोलत होते. खरेदीवाले "जिवाचं रान" म्हणता म्हणता थांबले आणि बाईंच्या पेनाकडे बघून "प्रयत्न करतो" म्हणाले. शेवटी मॅडम मिशीकाकांकडे वळल्या.

"शुक्रवारचा माल?"

"जाईल," मिशीकाका इतक्या हळू म्हणाले की ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावे लागले.

बाईंनी लिहिले आणि पेन रकान्यावर टेकवून मान वर केली. "आणि न गेल्यास?"

मिशीकाका हसले. दोन्ही खळ्या पडल्या.

"आता उतरवण्यासारखं काही उरलेलं नाही, बाई. त्यामुळे माल वेळेवर जाणंच भाग आहे."