टेलचे सोपानतात्या

ईशान, मीरा, परवा फोनवर तुम्ही तुमच्या शाळेची नवी प्रयोगशाळा दाखवलीत, तेव्हाच ठरवलं की तुम्हाला आमच्या सोपानतात्यांबद्दल लिहायचं.

हा माणूस लग्नाच्या पंगतीत जिलबी शेवटच्या पानापासून वाढतो. नवऱ्याचे मामा पहिल्या पानावर ताटकळतात. कोणी ओरडलं, की तात्यांचं एकच उत्तर, "टेलला आधी!"

तात्या कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे शेतांना पाळीपाळीने पाणी सोडायचं काम. कालव्याच्या शेवटाला टेल म्हणतात. वरच्यांनी आधी घेतलं तर टेलला नुसता चिखल पोचतो, म्हणून सुरुवात शेवटाकडून करायची. नोकरी संपली, नियम राहिला.

लासुर्ण्याजवळच्या आमच्या वस्तीवर जिल्हा परिषदेची एका खोलीची शाळा आहे. शनिवारी मी तिथे इंग्रजी शिकवते. मुलं घरून आणलेल्या पोत्यावर बसायची. हमरस्त्यावरची मोठी शाळाही सरकारचीच, पण साहेबांची गाडी तिथे थांबते, त्यामुळे तिथला फळासुद्धा विजेवर चालतो. यंदा तीन पालक म्हणाले, बाकं नसतील तर मुलं मोठ्या शाळेत घालतो. ती गेली असती तर पट घसरून आमची शाळा बंद पडली असती आणि इतक्या लांब जाऊ न शकणाऱ्या लहान मुली घरी बसल्या असत्या.

जूनमध्ये बाकांचा टेम्पो आला. असा टेम्पो नेहमी मोठ्या शाळेतच रिकामा व्हायचा. तात्या फाट्यावर आडवे उभे राहिले.

"यादीत वस्तीचं नाव हाय का न्हाय?"

"हाय की," ड्रायव्हर म्हणाला, "पर पार शेवटाला."

"मग तितनंच सुरू कर. सरक, मी बसतो म्होरं."

मोठ्या शाळेचे हेडमास्तर मोटारसायकलवरून मागोमाग आले. "तात्या, हे काय कालव्याचं पाणी आहे?"

"पानी असतं तर तुमी मोटर लावून वढलं असतं, गुरुजी!"

हेडमास्तरांनाच हसू फुटलं. यादीत होती तेवढी बाकं वस्तीवर उतरली.

सगळे गेल्यावर तात्या एका बाकावरून हात फिरवत बसले. मी म्हटलं, "जिंकलात की!"

ते वर न बघता म्हणाले, "नंदा चौथीला हुती, बाई. मीच म्हनलं, बास आता, भुईवर बसून काय शिकतीस? तिनं पोतं धुतलं आन् वाळत घातलं."

नंदा त्यांची लेक, निमगाव केतकीला दिलेली.

बाकं जरा उंच आहेत, पहिलीच्या मुलांचे पाय लोंबकळतात. पण त्या तीन पालकांपैकी कोणीही दाखला काढला नाही. वस्तीवरची शाळा अजून भरते.