अंबूताईंच्या ओठावरील मोहिमेची हकिकत

गजाननाचे स्मरण करून, ऐकणारांस उदंड सबुरी मागून लिहितो. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सर, वैशाखमासी एका राज्यात नवल वर्तले ते ऐसे. राज्याची सून मैनाबाईसाहेब, त्यांची कन्या अंबूताई, वय वर्षे सात. अंबूताईंच्या खालच्या ओठाचे आत वाटाण्याएवढा निळसर फोड उठला, दुखे ना खुपे, आणि फुटून बसे आणि मागती भरे. मग वाड्यात एकच गोंधळ जाहला. कोणी म्हणे दृष्ट, कोणी म्हणे शत्रूचे विष, आणि मैनाबाईंच्या सासूबाई थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या, "ओठ कापावा लागणार, पोरीचे रूप गेले!" मैनाबाईंचे काळीज चरकले. परंतु त्या घराण्याचा रिवाज ऐसा जे, सुनेस कितीही राग आला तरी वडीलधाऱ्यांपुढे शब्द काढू नये, खालचा ओठ दातांखाली धरावा. त्यांनी धरिला. लग्न जाहल्यापासून धरीतच होत्या.

मग नारोपंत वैद्यांस पाचारण जाहले, आणि मुलीची किंकाळी गावात जाऊ नये म्हणोन चौकात नगारे मांडिले, आणि दांडगे हुजरे तिचे हातपाय धरावयास सज्ज जाहले. पंतांनी पेटी उघडली आणि काढिले काय, तर सुई आणि रेशमी दोरा! मग लेप लावून ओठ बधिर केला, आणि फोडातून दोरा आरपार ओवून सैल गाठ मारिली, आणि हात धुतले. मुलगी हूं की चूं करीना. नगारची टिपरू उचलून उभेच. "वाजवावे की न वाजवावे?" ऐसे पुसते जाहले, आणि कोणास काही उमजेना. फोड जागचे जागी, वर दोरा लोंबतो! मैनाबाईंस वाटले, पंत दोरा काढावयास विसरले.

पंत त्यांची मुद्रा ओळखून बोलिले, "विसरलो नाही, बाईसाहेब. लाळेची वाट बुजली, म्हणोन ती आत साचली. दोऱ्याच्या कडेने नवी वाट पडेल. आठवडाभर राहू द्या, फोड आपसूक उतरेल. मात्र ओठ चावण्याची खोड सुटली पाहिजे, नाही तर पुन्हा येईल. ही खोड लागली कोठून?"

सगळ्यांनी अंबूताईंस सांभाळणाऱ्या दाईकडे पाहिले. दाई रडू लागली. तेव्हां अंबूताई बोलल्या, "राग आला की आम्ही आईसाहेबांसारखे करितो."

मैनाबाई गडबडून गेल्या, आणि लाज वाटली, आणि रडूही आले. तोच थोरल्या बाईसाहेब कडाडल्या, "राजकन्या तोंडात दोरा घेऊन मिरवणार? ओढून काढा तो!" आणि स्वतःच हात पुढे करित्या जाहल्या. मैनाबाईंचे दात सवयीने ओठाकडे गेले, आणि पाहतात तो लेकीचेही दात त्याच वाटेने निघालेले. मग त्यांनी ओठ सोडिला.

"हात लावू नका, सासूबाई."

आपलाच आवाज त्यांस परका वाटला. थोरल्या बाईसाहेबांचा हात जागीच राहिला. नगारच्यांस वाटले, हीच इशारत, आणि त्यांनी नगारे बडविले. त्या गदारोळात मैनाबाई पुढे काय काय बोलल्या ते कोणास कळले नाही, परंतु बराच वेळ बोलत होत्या इतके दिसले.

येणेप्रमाणे मोहीम एका दोऱ्यावर फत्ते जाहली. दोरा निघाला, फोड गेला, अंबूताईंच्या ओठास वण राहिला नाही. मैनाबाईंच्या ओठाचे आत जुना वण आहे. अंबूताई त्यास बोट लावून पुसतात, "हा कधीचा?" आणि मैनाबाई सांगू लागतात.