तायाक्कांचे सूत सरले त्याची हकीकत

॥ श्री बिरोबा समर्थ ॥ माळ ज्याचा आणि मेंढरे ज्याची त्यास प्रथम नमन, मग ज्या बोटांनी लोकरीचा धागा जाहला त्या बोटांस नमन, मग लेखनास आरंभ. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सर, ज्या साली आमचे थोरले घरी लेकीस जुळे जाहले आणि एक पाळणा पुरेना म्हणून दुसरा शेजारून मागून आणिला, त्या साली राज्यावर सिदाप्पा महाराज होते आणि तायाक्का राणीसाहेब होत्या. राज्य म्हणजे माळावरची पत्र्याची एक शेड, तीत जमिनीस खड्डा खणून बसविलेला माग, पूर्वेस मेंढरांचा वाडा आणि पश्चिमेस बाभळ. आम्ही महाराजांचे धाकटे बंधू, दिमतीस होतो. राज्याची रीत ऐसी की, राणीने लोकर कातून सूत करावे आणि राजाने त्याची घोंगडी विणावी. ऐसे बेचाळीस वर्षे चालले. मग त्या साली उभयतांनी मनसुबा केला की, जन्मभर लोकांसाठी विणिले, आता म्हातारपणी एक घोंगडी आपणांस, दोघांत मिळून एक, काळ्या लोकरीची. मग मागावर उभे धागे पुरे लागले आणि आडवे सूत भरू लागले आणि घोंगडी निम्मी जाहली, तो राणीसाहेबांस ताप भरला आणि आठवे दिवशी त्या गेल्या. मागे कातलेले सूत होते ते तेरवीनंतर चार दिवसांत सरले. रसद तुटली आणि माग थांबला.

आम्ही म्हटले, “दादा, बाजारात सूत ढीगभर मिळतंय. आणू का?” महाराज बोलिले, “बाजारातलं सूत तिच्या सुताशेजारी बसंल का रं? प्रत्येकीच्या हाताचा पीळ निराळा. तिच्या धाग्यात मधीच एक ढील यायची. बोलता बोलता कातायची न्हवं.” मग महाराजांनी फर्मान काढिले की, ज्यास लोकरीचे काम शिकणे असेल त्याने यावे, परंतु एका वेळी पाच आणि सहावा नको, कारण सहावा आला की एकाच्या बोटांकडे बघणे राहते. मग शहरातून बायाबापड्या गाड्या करून येऊ लागल्या आणि पहिले दिवशी चातीवर सूत कातणे, दुसरे दिवशी लहान मागावर पट्टी विणणे, तिसरे दिवशी लोकर भिजवून, लाटून तिचे जेन, म्हणजे न विणता जमविलेले जाड अंथरूण, करणे, ऐसे शिकू लागल्या. आणि कोणासही ठाऊक नव्हते की महाराज दर तुकडीत प्रत्येकीची पहिली लडी मागून घेतात, आणि डोळे मिटून अंगठ्याखालून सोडतात, आणि नाही म्हणून मान हलवून खुंटीस टांगतात. राज्यास शागीर्द नको होते. राज्य एक हात धुंडीत होते.

मग मधली दोन वर्षे महामारीने वेशी बंद जाहल्या, आणि पुन्हा उघडल्या तेव्हा खुंटीवर चाळीस लड्या होत्या आणि घोंगडी निम्मी होती. त्या समयी जी तुकडी आली तीत कुमुदिनीबाई पाटणकर म्हणून टेलिफोन कचेरीतून निवृत्त जाहलेल्या बाई होत्या, दोन सुयांच्या विणकामात निष्णात, आणि मुजावर गल्लीच्या हसीनाबी, शिवणकाम करणाऱ्या, जिभेच्या तिखट, परंतु हाताच्या मऊ. त्या दोघींस राज्य ऐसे आवडले की तुकडी संपली तरी दर आठवड्यास हजर, आणि महाराजांस मामा म्हणू लागल्या. मग एके दिवशी आमचे हातून अपराध घडला. कुमुदिनीबाईंनी विचारिले, “भाऊ, ही घोंगडी अशी अर्धीच का हो?” आणि आम्ही सर्व सांगितले. बाईंचे डोळे भरले, परंतु त्या करणाऱ्या बाई, रडत बसणाऱ्या नव्हेत. त्या बोलिल्या, “वहिनींच्या हातचं जुनं काही आहे?” आम्ही राणीसाहेबांची नित्याची जुनी घोंगडी पेटीतून काढून दिली. बाई म्हणाल्या, “मग अडलंय कशाला? एकाच लोकरीचे मी चार स्वेटर केलेत. उसवायचं, लडी करायची, धुवायची, पुन्हा विणायचं. मामा बाजारातून यायच्या आत सूत तयार.”

स्वेटराचे टोक सापडले की तो सरसर उसवतो. घोंगडीस चिंचोक्याची खळ असते आणि वीस वर्षे पांघरल्याने धाग्यास धागा चिकटतो. बाईंनी टोक ओढिले, ते तुटले. दुसरे ओढिले, तेही तुटले. मग बाईंनी विचार केला की खळ सुटली पाहिजे, आणि चुलीवर पाणी कढविले, आणि साबू घातला, आणि घोंगडी त्यात बुडवून दोन्ही हातांनी चोळ चोळ चोळली. हसीनाबी येऊन पाहतात तो काय! म्हणाल्या, “या अल्ला, बाई, बिर्याणी आहे का ती, दम द्यायला? लोकर हाय, आटंल की!” आणि तैसेच जाहले. घोंगडी आकसून निम्मी जाहली आणि धागा म्हणून ओळखू येईना. इतक्यात महाराज आले.

महाराजांनी ते ओले गाठोडे मांडीवर घेतले. मग कुमुदिनीबाई म्हणाल्या, “मामा, मला मारा हवं तर.” महाराज बोलिले, “तुम्हाला मारून काय मिळायचं? तुमच्या हातानं पीळ गेला. लोकर तर हाय न्हवं?” मग हुकूम जाहला की गाठोडे वाळवा आणि बोटांनी पिंजा आणि नव्या काळ्या लोकरीत मिसळा. मग दोन दिवसांनी चटईवर ती लोकर पसरली, आणि पाणी शिंपडले, आणि गुंडाळी केली, आणि त्या दोघी, महाराज आणि आम्ही ओळीने गुडघ्यांवर बसून कोपरापासून मनगटापर्यंत दाबून लाटू लागलो. महाराज म्हणाले, “थांबायचं न्हाई. मधी सोडलं तर फाकतंय.” हसीनाबी म्हणाल्या, “आमच्या सासूबाईंनी एवढं लाटायला लावलं असतं तर त्याच दिवशी माहेर गाठलं असतं.” तेव्हा महाराज हसले, पुष्कळ दिवसांनी. दिवस कलता जेन जाहले, उत्तम. महाराजांनी त्यावर हात फिरविला, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि पुन्हा फिरविला, आणि आम्हांस हळूच बोलिले, “हाय ती हितंच. पण कुटं, ते कळंना.” आणि त्या जेनावर ते कधी निजले नाहीत. घडी करून उशाशी ठेवीत.

मग पुढे एक वर्षाने नवल वर्तले. हसीनाबी कातता कातता कोणाच्या लग्नातली तक्रार सांगत होत्या आणि त्यांचे सूत महाराजांनी सहज हाती घेतले आणि डोळे मिटले आणि मान हलविली नाही. धाग्यात मधीच एक ढील होती. मग महाराज खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले, आणि चार वर्षे उभा राहिलेला माग बोलू लागला, आणि टाकीचे पाणी भरता भरता आम्ही धावलो. चार बोटे विणून जाहली. आम्ही डोळे फाडून पाहिले, जुने कोठे सरले आणि नवे कोठे लागले ते ओळखू येईना. हसीनाबी म्हणाल्या, “मामा, जमलं की वो!” महाराज म्हणाले, “जमलं.” आणि बराच वेळ त्या चार बोटांवर अंगठा फिरवीत राहिले. मग एक एक धागा मागे काढू लागले. आम्ही म्हटले, “दादा, हे काय? हाच हात शोधत होता न्हवं?” महाराज बोलिले, “शोधत व्हतो. पण ती कुटं थांबली, ते कळाय पायजे रं. जेनात हरवली, आता हितं बी हरवू का?” हसीनाबींनी डोळ्यांस पदर लाविला आणि उसवलेले सूत आपण गुंडाळून घेतले. आणि महाराजांनी त्या दिवसापासून कोणाचीही लडी मागितली नाही. पाच पाच जणींस शिकवीत राहिले, आणि मोकळ्या वेळी मागाशी बसून, जेथे सूत सरले होते तेथे बोट ठेवून असत.

एकूण चौदा तुकड्या आणि सत्तर शागीर्द जाहले. कुमुदिनीबाई आणि हसीनाबी अद्याप येतात आणि नव्यांस शिकवितात. घोंगडी मागावर निम्मी आहे आणि ती तैसीच ठेवावी ऐसे ठरले. तायाक्का शके एकोणीसशे चाळीस, पौष मासी वारल्या. सिदाप्पा शके एकोणीसशे पंचेचाळीस, माघ शुद्ध दशमी, सोमवारी दिवस उगवता वारले.