आपटेबाईंची मूळ संख्या
नारायण पेठेतल्या या इमारतीत आम्ही राहायला आलो, त्या दिवशी समोरच्या आपटेबाई आमच्या दारावरचा बारा नंबर बघून हळहळल्या.

"बारा! अहो, दोनानं भाग जातो, तिनानं जातो, चारानं जातो, सहानं जातो. कुणीही यावं आणि भाग देऊन जावं. राहणार कसे तुम्ही यात?"

त्यांचा स्वतःचा फ्लॅट तेरा नंबरचा. अशुभ म्हणून कुणी घेत नव्हतं, तो त्यांनी हट्टानं मागून घेतलेला. मुलींच्या शाळेत सदतीस वर्षं गणित शिकवलं आणि अडतिसावं लागू नये म्हणून वेळेआधी निवृत्त झाल्या. बाईंच्या लेखी माणसं दोनच प्रकारची, भाग जाणारी आणि न जाणारी. सोसायटीच्या अध्यक्षांबद्दल त्यांचं मत एका वाक्यात संपायचं: "त्यांना सगळ्यांनी भाग जातो."

दिवाळीत त्यांनी सात लाडू आणले. आम्ही घरात चौघं. बायको म्हणाली, "बाई, आणखी एक असता तर दोन-दोन आले असते."

"म्हणून तर नाही आणला. भांडा थोडे. घर जागं राहतं."

पण त्यांचा खरा जीव एका मूळ संख्येवर. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. जिन्यात सापडेल त्याला त्या ती सांगायच्या. "शेवटचा आकडा पुसा. उरली ती मूळच! परत पुसा. मूळच! पुसत पुसत सातापर्यंत या, एकदाही मोडत नाही. आणि असं जमणारी याहून मोठी संख्या नाही!" कुरिअरवाला काकुळतीनं "मॅडम, ओटीपी" म्हणाला, तर बाईंनी आधी त्या ओटीपीला भागून पाहिलं. "एकोणिसानं जातो. घ्या."

चूक त्यांना खपायची नाही. सोसायटीच्या नोटिशीतला चुकलेला वारसुद्धा लाल शाईनं दुरुस्त व्हायचा.

गेल्या महिन्यात एका रविवारी त्यांचा नेहमीचा रिक्षावाला आला नाही, म्हणून मी त्यांना गाडीनं लोणी काळभोरला नेलं. तिथल्या वृद्धाश्रमात त्यांचा धाकटा भाऊ होता, वसंतराव. बाईंना भाऊ आहे हेच मला तेव्हा कळलं. विसरण्याचा आजार. ते आमच्याकडे बघून परक्यासारखे हसले आणि नर्सशी बोलावं तसं बाईंना "या सिस्टर" म्हणाले.

बाईंनी खुर्ची ओढली. "सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस."

वसंतरावांची मान वर आली. "त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा."

"सात लाख एकोणचाळीस हजार तीनशे एक्क्याण्णव."

"त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस."

"सात हजार तीनशे पंच्याण्णव," बाई म्हणाल्या.

मी दचकलो. वसंतराव तर खुर्चीत ताठच झाले. "काय गं ताई! पंच्याण्णवला पाचानं भाग जातो की! त्र्याण्णव, त्र्याण्णव!"

"चुकलं बाबा," बाई म्हणाल्या. "पुन्हा पहिल्यापासून घेऊ."

चार वेळा घेतलं. चारही वेळा बाई तिथंच चुकल्या आणि चारही वेळा त्यांनी मनसोक्त बोलणी खाल्ली.

परतताना हडपसरला गाड्यांची रांग लागली होती. मी हळूच म्हणालो, "बाई, तुम्ही मुद्दाम चुकत होतात."

काचेबाहेर बघत त्या म्हणाल्या, "बरोबर सांगितलं की निघेपर्यंत सिस्टर म्हणतो हो मला."